सिम्फनी ऑर्केस्ट्राचा हंगाम ठरतो कसा? दोन तासांच्या कार्यक्रमामागचं दोन-तीन वर्षांचं गणित

२२ डिसेंबर १८०८. व्हिएन्नामध्ये कडाक्याची थंडी पडली होती. थिएटर अ‍ॅन देअर वीन या नाट्यगृहात बेटहोव्हेनने स्वतःच्या संगीताचा कार्यक्रम ठेवला होता. त्या एकाच संध्याकाळी त्याची पाचवी सिम्फनी, सहावी सिम्फनी, चौथा पियानो कॉन्चेर्टो, एका मासचे काही भाग, एक गाणं आणि शेवटी गायकवृंदासह ‘कोरल फँटसी’ अशी मोठी यादी होती. कार्यक्रम सुमारे चार तास चालला. सभागृह गारठलेलं होतं, तालमी पुरेशा झाल्या नव्हत्या आणि शेवटच्या रचनेत वादक इतके गडबडले की वादन मध्येच थांबवून पुन्हा सुरू करावं लागलं.

त्या दिवशी वाजलेल्या बहुतेक रचना आज जगभर वाजतात. म्हणजे संगीतात काहीच कमी नव्हती. फसलं होतं ते नियोजन. काय वाजवायचं, कशानंतर काय ठेवायचं, किती वेळ वाजवायचं, तालमी किती घ्यायच्या, यापैकी एकाही प्रश्नाचा नीट विचार झाला नव्हता.

आज कुठल्याही मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रामध्ये हेच प्रश्न सोडवण्यासाठी माणसं नेमलेली असतात आणि त्यांचं काम कार्यक्रमाच्या दोन-तीन वर्षं आधी सुरू होतं. ते काम नेमकं काय असतं, ते समजून घेऊ.

हंगाम म्हणजे काय?

युरोप-अमेरिकेत ऑर्केस्ट्राचा हंगाम साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि पुढच्या वर्षी मे-जूनपर्यंत चालतो. उन्हाळ्यात महोत्सव, दौरे आणि मोकळ्या मैदानातले कार्यक्रम असतात. मोठे ऑर्केस्ट्रा हंगामात जवळपास दर आठवड्याला नवा कार्यक्रम करतात. तो दोन-तीनदा वाजवला जातो आणि संपतो. पुढच्या आठवड्यात नव्या रचना, बहुधा नवा संचालक आणि नवा एकलवादक.

आपल्याकडे एखाद्या नाटकाचे शेकडो प्रयोग होतात. तालमीचा खर्च आणि मेहनत त्या सगळ्या प्रयोगांवर वाटली जाते. ऑर्केस्ट्राला ती सोय नाही. शास्त्रीय मैफलीतला गायक कोणता राग गायचा ते रंगमंचावर बसल्यावरही ठरवू शकतो. ऑर्केस्ट्रामध्ये ऐंशी-नव्वद माणसांपुढे नोटेशनची पानं ठेवलेली असतात, त्यामुळे ऐनवेळी बदलाला फारसा वाव नसतो. सगळं आधीच ठरवावं लागतं.

ठरवतं कोण?

साधारणपणे तीन बाजू असतात. पहिली म्हणजे संगीत संचालक, अर्थात मुख्य कंडक्टर. हंगामाची दिशा तो ठरवतो. पण वर्षातले काहीच आठवडे तो स्वतः हजर असतो. बाकीच्या आठवड्यांत पाहुणे कंडक्टर येतात.

दुसरी बाजू कलाविषयक नियोजन पाहणाऱ्या अधिकाऱ्याची. कोण कधी मोकळं आहे, कोण काय वाजवणार आहे, मागच्या चार-पाच वर्षांत कोणती रचना वाजून गेली आहे, याचा एक मोठा तक्ता या माणसाकडे असतो. तिसरी बाजू व्यवस्थापनाची. खर्च, तिकीटविक्री आणि देणगीदार ती सांभाळते.

याला अपवादही आहेत. व्हिएन्ना फिलहार्मोनिक वादकांनीच चालवलेली संस्था आहे. १९३३ पासून तिथे कायमस्वरूपी मुख्य कंडक्टरच नाही. कोणाला बोलवायचं ते वादक ठरवतात. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये मुख्य कंडक्टर वादकांच्या मतदानाने निवडला जातो. २०१५ च्या मे महिन्यात ते वादक अकरा तास चर्चा करून निर्णयाविना उठले होते. जूनमध्ये किरिल पेट्रेन्को यांची निवड झाली, पण त्यांनी सूत्रं हाती घेतली ती थेट २०१९ मध्ये. या क्षेत्रात माणसांच्या तारखा किती आधी ठरलेल्या असतात, हे यावरून लक्षात येईल.

एका संध्याकाळचा आराखडा

सर्वात रुळलेला आराखडा तीन रचनांचा आहे. सुरुवातीला दहा-बारा मिनिटांची छोटी रचना, बहुधा एखाद्या ऑपेराचं ओव्हर्चर. त्यानंतर कॉन्चेर्टो, म्हणजे एक एकलवादक आणि संपूर्ण ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेली पंचवीस ते पस्तीस मिनिटांची रचना. मग मध्यंतर. मध्यंतरानंतर चाळीसेक मिनिटांची सिम्फनी. सगळं मिळून साधारण दोन तास.

या क्रमाला व्यावहारिक कारणं आहेत. सुरुवातीच्या छोट्या रचनेनंतर उशिरा आलेल्या प्रेक्षकांना आत सोडता येतं. पियानो कॉन्चेर्टो असेल तर मोठा पियानो मध्यंतरात बाजूला करता येतो. एकलवादक पहिल्या भागात मोकळा होतो. शिवाय सर्वात मोठी रचना शेवटी आली की प्रेक्षक तीच मनात घेऊन घरी जातात.

काही रचना मात्र हा आराखडा मोडतात. मालरची तिसरी सिम्फनी साधारण शंभर मिनिटांची आहे. ती असली की दुसरं काही वाजवता येत नाही. बेटहोव्हेनची नववी सिम्फनी तासाभराहून मोठी आहे आणि तिला चार गायक आणि गायकवृंद लागतो. तिच्या आधी छोटंसं काही ठेवायचं की ती एकटीच वाजवायची, हा नियोजकांपुढचा नेहमीचा प्रश्न असतो.

वेळ जुळली तरी रचनांचं एकमेकींशी नातं जुळावं लागतं. कधी देश हा धागा असतो, कधी काळ, कधी गुरू-शिष्य, कधी विषय. ड्वोर्झाकने ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनी अमेरिकेत असताना लिहिली आणि ती १८९३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा वाजली. तिच्यासोबत अमेरिकी संगीतकाराची रचना ठेवली तर ऐकणाऱ्याला दोन्हींबद्दल काहीतरी नवं कळतं. असा धागा नसेल तर कार्यक्रम म्हणजे एकामागून एक लावलेली गाणी होऊन बसतात.

माणसं किती लागतील?

प्रत्येक रचनेला किती आणि कोणते वादक लागतात, ते संगीतकाराने लिहून ठेवलेलं असतं. मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीत ट्रम्पेटही नाहीत आणि टिंपनी हे मोठे नगारेही नाहीत. स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ला आठ हॉर्न आणि बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून या प्रत्येक गटात पाच-पाच वादक लागतात. मालरच्या आठव्या सिम्फनीच्या पहिल्या वादनाला, १९१० मध्ये म्युनिकला, मंचावर हजाराहून जास्त कलाकार होते.

ऑर्केस्ट्राच्या कायमच्या वादकांपेक्षा जास्त माणसं लागली की बाहेरून बोलवावी लागतात आणि त्यांना तालमीपासून मानधन द्यावं लागतं. म्हणून नियोजक हिशेब करतात. चार जादा हॉर्नवादक येणारच असतील, तर त्याच आठवड्यात त्यांना काम देणारी आणखी एखादी रचना घेता येईल का? उलट एका आठवड्यात भव्य रचना झाली, तर पुढच्या आठवड्यात मोझार्ट-हायडनसारखी कमी वादकांची रचना ठेवली जाते. खर्चही आटोक्यात राहतो आणि पितळी वाद्यं वाजवणाऱ्यांच्या ओठांना विश्रांती मिळते.

या हिशेबातल्या गमतीही आहेत. ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनी साधारण चाळीस मिनिटांची आहे. तिच्यात ट्यूबा वाजवणाऱ्याच्या वाट्याला फक्त चौदा स्वर येतात, तेही दुसऱ्या भागात. झांजेचा एकच ठोका आहे, शेवटच्या भागात. तरीही ट्यूबावादक संपूर्ण वेळ मंचावर लागतोच.

तालमीचे तास

अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांमध्ये एका कार्यक्रमासाठी साधारण चार तालमी मिळतात आणि प्रत्येक तालीम अडीच तासांची असते. म्हणजे दोन तासांच्या कार्यक्रमासाठी फक्त दहा तास. लंडनमध्ये तर तालमी याहून कमी असतात. तालमीची वेळ करारात ठरलेली असते. ती ओलांडली तर जादा पैसे द्यावे लागतात.

म्हणून नियोजकांचा एक साधा नियम असतो. कार्यक्रमात अवघड किंवा अगदी नवी रचना असेल, तर बाकीच्या रचना वादकांच्या हातात बसलेल्या हव्यात. ब्राह्म्सची सिम्फनी वादकांनी अनेकदा वाजवलेली असते. तिचा वेळ वाचवून तो नव्या रचनेला देता येतो. दोन अवघड रचना एकाच आठवड्यात ठेवल्या तर दोन्ही अर्ध्याकच्च्या वाजण्याची भीती असते. १८०८ च्या त्या संध्याकाळी हेच घडलं होतं.

पडद्यामागे आणखी एक महत्त्वाचा माणूस असतो, ऑर्केस्ट्राचा ग्रंथपाल. व्हायोलिनवादकांचे गज एकाच दिशेने वर-खाली जाताना दिसतात ते आपोआप होत नाही. गज कुठे वर आणि कुठे खाली न्यायचा, याच्या खुणा प्रमुख व्हायोलिनवादक ठरवतो आणि ग्रंथपालाकडून त्या प्रत्येकाच्या पानावर आधीच उतरवल्या जातात. नोटेशन मिळवणंही त्याचंच काम. जुन्या संगीतकारांची पानं विकत घेऊन वर्षानुवर्षं वापरता येतात. स्वामित्वहक्क अजून लागू असलेल्या रचनांची पानं मात्र बहुतेकदा प्रकाशकाकडून भाड्याने आणावी लागतात आणि कार्यक्रम झाल्यावर परत करावी लागतात. युरोपीय संघात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं आणि भारतात ६० वर्षं हा हक्क टिकतो. एखाद्या लहान ऑर्केस्ट्राला नवी रचना का परवडत नाही, याचं उत्तर कधी कधी या भाड्यात असतं.

खरा पेच: ओळखीचं की नवं?

हंगाम ठरवताना सर्वात जास्त वाद याच प्रश्नावर होतो. बेटहोव्हेनची पाचवी, चायकोव्स्कीचा पियानो कॉन्चेर्टो, ‘न्यू वर्ल्ड’ अशी नावं लावली की तिकिटं खपतात. पण दरवर्षी तेच वाजवलं तर ऑर्केस्ट्राचं संग्रहालय होतं. उलट सगळंच नवं ठेवलं तर खुर्च्या रिकाम्या राहतात.

इतिहासात दोन्ही टोकं दिसतात. ३१ मार्च १९१३ रोजी व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन सभागृहात अरनॉल्ड शोनबर्गने स्वतःच्या, अल्बान बेर्गच्या आणि अँटोन वेबर्नच्या नव्या रचनांचा कार्यक्रम केला. प्रेक्षकांमध्ये इतका गोंधळ आणि मारामारी झाली की कार्यक्रम अर्धवट थांबवावा लागला. पुढे १९१८ मध्ये शोनबर्गने नव्या संगीतासाठी एक खासगी मंडळ काढलं. तिथे काय वाजणार हे आधी जाहीर करत नसत आणि टाळ्या वाजवायला बंदी होती. लोकांनी नाव बघून मत बनवण्याआधी ऐकावं, हा त्यामागचा हेतू.

न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये पिअर बुलेझ १९७१ ते १९७७ या काळात संगीत संचालक होते. विसाव्या शतकातल्या संगीतावर त्यांचा भर होता आणि जुन्या वर्गणीदारांपैकी अनेकांना तो रुचला नाही. पण त्याच बुलेझ यांनी १९७३ मध्ये लिंकन सेंटरच्या सभागृहातल्या खुर्च्या काढून गालिचे आणि उशा टाकल्या आणि लोकांना जमिनीवर बसून ऐकायला बोलावलं. ‘रग कॉन्सर्ट’ नावाच्या त्या कार्यक्रमांना तरुणांनी गर्दी केली. काय वाजवायचं याइतकंच ते कोणाला आणि कसं ऐकवायचं हेही नियोजनच असतं, हा त्यातला धडा.

‘नवं’ म्हणजे आज लिहिलेलंच असं नाही. फ्लोरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतकार स्त्रीची पहिली सिम्फनी १९३३ मध्ये शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवली. मोठ्या अमेरिकी ऑर्केस्ट्राने कृष्णवर्णीय स्त्रीची सिम्फनी वाजवण्याची ती पहिली वेळ. पण १९५३ मध्ये त्या गेल्या आणि त्यांचं संगीत हंगामांच्या याद्यांमधून जवळजवळ नाहीसं झालं. २००९ मध्ये इलिनॉयमधल्या एका पडक्या घराची डागडुजी करताना त्यांच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले. त्यानंतर त्यांच्या रचना पुन्हा वाजू लागल्या आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने केलेल्या त्यांच्या सिम्फनींच्या ध्वनिमुद्रणाला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं. एखाद्या संगीतकाराचं संगीत चांगलं असूनही यादीत नाव आलं नाही, तर ते ऐकलंच जात नाही. हंगामाची यादी करणाऱ्याच्या हातात एवढी ताकद असते.

पैशाचं गणित

१९६६ मध्ये विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी एक साधी गोष्ट मांडली. कारखान्यात यंत्रं आली की कमी माणसांत जास्त माल निघतो. पण बेटहोव्हेनची सिम्फनी वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसं आणि जितका वेळ लागायचा, जवळपास तितकाच आजही लागतो. पगार मात्र बाकीच्या जगाबरोबर वाढतात. म्हणून ऑर्केस्ट्राचा खर्च उत्पन्नापेक्षा वेगाने वाढतो आणि एकट्या तिकिटांवर तो भागत नाही. जर्मनीत सरकार मोठा वाटा उचलतं, तर अमेरिकेत देणगीदारांवर भिस्त असते.

हे गणित कोसळलं की काय होतं ते मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या बाबतीत दिसलं. पगारकपातीवरून व्यवस्थापन आणि वादक यांच्यात वाद झाला, ऑक्टोबर २०१२ मध्ये टाळेबंदी झाली आणि ती जानेवारी २०१४ पर्यंत चालली. २०१२-१३ चा अख्खा हंगाम रद्द झाला. संगीत संचालक ऑस्मो व्हॅन्स्का यांनी राजीनामा दिला. तोडगा निघाल्यावर ते परत आले. अनेक वर्षं जुळवलेल्या तारखा आणि रचना कागदावरच राहिल्या.

पैशाच्या या दडपणामुळे वर्धापनदिनांना महत्त्व येतं. २००६ मध्ये मोझार्टची २५० वी जयंती होती, २०२४ मध्ये ब्रुकनरची २०० वी. अशा वर्षी त्या संगीतकाराला वाहिलेले हंगाम होतात, कारण बातम्या होतात आणि प्रायोजक मिळतात. २०२० मध्ये बेटहोव्हेनच्या २५० व्या जयंतीसाठी जगभर तयारी झाली होती. कोरोनाने त्यातले बहुतेक कार्यक्रम बंद पाडले. आता २०२७ मध्ये त्याच्या मृत्यूला २०० वर्षं होतील, तेव्हा त्याच्या रचना पुन्हा जागोजागी ऐकू येतील.

मुंबईतला हंगाम

हा विषय वाटतो तितका परका नाही. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता पुढे लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत संचालक झाले. हिंदी सिनेमाच्या संगीतातही गोव्याहून आलेल्या, पाश्चात्त्य नोटेशन शिकलेल्या वादकांचा मोठा वाटा होता. त्यांच्यापैकीच एक, अँथनी गोन्साल्विस, यांनी १९५८ मध्ये भारतीय राग आणि ऑर्केस्ट्रा एकत्र आणण्याचा प्रयत्न केला होता.

आज नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. खुश्रू सनटुक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांच्या पुढाकाराने तो २००६ मध्ये सुरू झाला. इथे वर्षभर दर आठवड्याला कार्यक्रम नसतात. वर्षाच्या सुरुवातीला एक आणि सप्टेंबरच्या सुमारास एक, असे दोन छोटे हंगाम असतात. वादकांचा एक गट मुंबईत राहतो आणि शिकवण्याचंही काम करतो. बाकीचे वादक हंगामापुरते परदेशातून येतात.

त्यामुळे मुंबईचं नियोजन वेगळं ठरतं. माणसं काही आठवड्यांसाठीच एकत्र येतात, म्हणून भव्य रचना त्याच काळात बसवाव्या लागतात. कार्यक्रम मोजके असल्याने प्रत्येक निवडीला जास्त वजन येतं. पहिल्यांदाच येणाऱ्या श्रोत्याला ओळखीची धून हवी असते आणि मुरलेल्या श्रोत्याला वेगळं काही हवं असतं. दोघेही एकाच सभागृहात बसलेले असतात.

यावर एक उत्तर म्हणजे इथल्या मातीतून नवी रचना घडवून घेणं. पंडित रविशंकर यांचा पहिला सतार कॉन्चेर्टो १९७१ मध्ये लंडनला झाला. दुसरा, ‘रागमाला’, झुबिन मेहतांच्या संचालनाखाली १९८१ मध्ये न्यूयॉर्कला झाला. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने उस्ताद झाकिर हुसेन यांच्याकडून ‘पेशकार’ हा तबला आणि ऑर्केस्ट्रासाठीचा कॉन्चेर्टो लिहवून घेतला. तो २०१५ मध्ये मुंबईत पहिल्यांदा वाजला आणि २०१९ मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यातही सादर झाला. तबल्याचा कॉन्चेर्टो पहिल्या भागात आणि ओळखीची युरोपीय सिम्फनी दुसऱ्या भागात ठेवली, तर दोन वेगळ्या सवयींचे श्रोते एकमेकांचं संगीत ऐकून घरी जातात.

कार्यक्रमपत्रिका कशी वाचावी?

पहिल्यांदा जाणाऱ्याने चार गोष्टी पाहाव्यात.

१. शेवटची रचना कोणती आहे? त्या संध्याकाळचं मुख्य आकर्षण बहुधा तेच असतं. घरी आधी एकदा ऐकून गेलं तर सभागृहात ती ओळखीची वाटते.

२. अनोळखी नाव कोणतं आहे? ते तिथे का ठेवलं असावं, बाकीच्या रचनांशी त्याचं काय नातं आहे, याचा अंदाज बांधून पाहावा. तो धागा सापडला की कार्यक्रम वेगळाच ऐकू येतो.

३. रचनेच्या नावाखाली तीन-चार ओळी दिसतात. ते तिचे भाग असतात. एका भागानंतर थोडी शांतता होते, पण रचना संपलेली नसते. टाळ्या शेवटचा भाग संपल्यावर वाजवायची प्रथा आहे. शंका वाटली तर कंडक्टर प्रेक्षकांकडे वळेपर्यंत थांबावं.

४. पुढच्या हंगामाची यादीही नजरेखालून घालावी. कुठल्या कार्यक्रमाची तिकिटं संपली आणि कुठल्या कार्यक्रमाला खुर्च्या रिकाम्या राहिल्या, ते नियोजकांच्या तक्त्यात नोंदलं जातं. अनोळखी नाव बघूनही तिकीट काढणारा प्रत्येक श्रोता पुढच्या वर्षीच्या यादीत थोडीशी जागा मोकळी करत असतो.